झाडं दयाळू नसतात

सध्या आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्याशी कुणी धड बोलत नाही. निमित्त झाडांचं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहायचं ठरवलं. या ब्लॉगचे निम्मे वाचक नातेवाईकच आहेत, तेव्हा त्यांनीही वाचावं. फोनवर मला मधेच तोडता येतं, इथे ती सोय नाही :)

झालं असं. पुतण्याची मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती, विषय 'वृक्ष : आपले खरे गुरू'. तिच्या आईने भाषण लिहून दिलं आणि "काकू, एकदा शुद्धलेखन बघा" म्हणून मला पाठवलं. शुद्धलेखन ठीकच होतं, एक 'आशिर्वाद' सोडून. मजकूर मात्र असा होता : जंगलातलं सर्वात जुनं झाड म्हणजे आई-झाड. जमिनीखाली बुरशीच्या धाग्यांचं जाळं असतं, त्यातून हे आई-झाड आपली पिल्लं ओळखून त्यांना अन्न पाठवतं, आजारी शेजाऱ्याला औषध पाठवतं, आणि मरताना आपली सारी संपत्ती वाटून टाकतं. जंगलात भांडण नाही, स्पर्धा नाही. भांडतो तो फक्त माणूस! इथे टाळ्यांसाठी जागा सोडली होती.

मी 'आशीर्वाद' दुरुस्त केला आणि खाली लिहिलं, "यातलं निम्मं अजून सिद्ध झालेलं नाही, आणि जंगलात स्पर्धा नसते हे साफ खोटं आहे. बदलावं."

मुलगी रडली. स्पर्धा दोन दिवसांवर आलेली, भाषण पाठ झालेलं. पुतण्या म्हणाला, "काकू, रिटायर झालात तरी लाल पेन सुटलं नाही तुमचं." आणि सूनबाईंचा निरोप आला, "सातवीच्या मुलीच्या भाषणात एवढं खरं कशाला लागतं? संस्कार तर चांगले आहेत ना?"

लाल पेन सुटलेलं नाही हे मान्य. पण 'एवढं खरं कशाला लागतं' या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे, आणि ते दोन ओळींत मावणारं नाही.

आधी एक कबुली. मी मराठीची बाई. बी.ए. मराठी माध्यमातून झालेली. शास्त्राशी माझा संबंध एवढाच की शास्त्राचे सर रजेवर गेले की पाचवी ते सातवीचे तास माझ्या गळ्यात पडायचे. तेव्हा 'तुम्हाला काय कळतं त्यातलं' हा आक्षेप आधीच मान्य करून टाकते. पण गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आणि तेव्हापासून त्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. इंग्रजी जिथे अडतं तिथे मुलगा समजावून देतो.

मुलगा तुलूजला असतो, दक्षिण फ्रान्समध्ये. तिथून उत्तरेला तासाभराच्या अंतरावर लालबेंक नावाचं गाव आहे. हिवाळ्यात दर मंगळवारी दुपारी तिथे ट्रफलचा बाजार भरतो. ट्रफल म्हणजे जमिनीच्या पोटात वाढणारी अळंबी. दिसायला काळा, खरबरीत, लहान बटाट्याएवढा गोळा. विकणारे बाकांमागे ओळीने उभे, पुढ्यात कापड अंथरलेल्या छोट्या टोपल्या. शंभर ग्रॅमचा भाव ऐकला आणि मी टोपलीपासून एक पाऊल मागे सरकले. चुकून धक्का लागायचा!

बाजाराआधी मुलाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने आम्हाला आपली बाग दाखवली. बाग म्हणजे पांढरट, दगडगोट्यांची, चुनखडीची जमीन आणि त्यावर लांब लांब लावलेले ओक. कुत्रं पुढे, आम्ही मागे. माझं लक्ष कुत्र्यापेक्षा जमिनीकडे गेलं. सगळीकडे थंडीतलं खुरटं गवत होतं, पण काही झाडांच्या भोवती मोठं वर्तुळ अगदी उघडं. जणू कुणी होळी पेटवून राख झाडून नेली आहे. मी विचारलं, "तणनाशक मारलंत का?" मुलाने भाषांतर केलं. म्हातारा हसला. म्हणाला, "मी काही केलेलं नाही. हे खालच्या बुरशीचं काम. वर्तुळ दिसलं की समजायचं, ती मुळांना लागली."

फ्रेंचमध्ये या वर्तुळाला 'ब्रुले' म्हणतात, म्हणजे जळलेलं. पुष्कळदा पहिला ट्रफल हाती लागण्याच्या काही वर्षं आधीच ते दिसू लागतं. शेतकरी त्याची वाट बघत असतात.

आता हे वर्तुळ होतं कसं? ट्रफलच्या बुरशीतून हवेत उडून जाणारी काही रसायनं बाहेर पडतात. २००७ साली स्प्लिव्हालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर प्रयोग केला. ट्रफल आणि रोप एकमेकांना शिवत नव्हते, मधे नुसती हवा होती. तरी रोपाची वाढ खुंटली, पानं फिकी पडली. ज्या सुवासासाठी जग पैसे मोजतं त्याच कुळातली ही रसायनं. शेतात याच्या जोडीला आणखीही कारणं असतात. बुरशी पाणी आणि क्षार ओढून घेते, आणि अलीकडे तर आजूबाजूच्या तणांच्या मुळांतही तिचा शिरकाव झालेला सापडला आहे. एकूण काय, ओकशी ज्या बुरशीचं घट्ट सख्य, तीच त्याच्या पायाशी उगवू पाहणाऱ्या गवताला जगू देत नाही.

आता मला सांगा, 'जंगलात भांडण नाही, स्पर्धा नाही' हे वाक्य मी या वर्तुळात उभं राहून कसं म्हणू?

बरं, ओकशी तरी तिचं जे सख्य आहे ते कसलं? तिथेही रसायनांचीच देवघेव. बुरशी ऑक्सिन आणि इथिलीन तयार करते. ही मूळची वनस्पतींची स्वतःची संप्रेरकं, मूळ कसं वाढावं हे ठरवणारी. २००९ च्या संशोधनात दिसलं की ट्रफलच्या या दोन रसायनांमुळे मुळं आखूड होतात आणि त्यांना जास्त फाटे फुटतात. जास्त फाटे म्हणजे बुरशीला बसायला जास्त टोकं. म्हणजे पाहुणी घरात येते ती घरमालकाची भाषा बोलत, आणि आल्यावर घराच्या भिंती आपल्या सोयीने सरकवून घेते. मग त्या टोकांवर ती मोज्यासारखी चढते. तिथून पुढे झाड तिला साखर देतं आणि ती झाडाला मातीतलं पाणी, स्फुरद, नत्र आणून देते.

साखरेचा हा हिशेबही तपासलेला आहे. ट्रफल कुजक्या पाल्यावर जगतो की झाडावर, असा जुना वाद होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात हेझलच्या मोठ्या झाडाला खूण केलेला कार्बन हवेतून दिला आणि तो जमिनीखाली कुठे जातो ते पाहिलं. तो थेट ट्रफलमध्ये पोचला. त्याआधी २०१० साली या बुरशीचा सगळा जनुकसंच वाचला गेला होता. साडेबारा कोटी अक्षरांची ही पोथी, तोवर वाचलेल्या बुरश्यांत सर्वात मोठी. आणि एवढ्या मोठ्या पोथीत पालापाचोळा कुजवून खाण्याची जनुकं मात्र फार थोडी. झाड नाही तर ट्रफल नाही.

याच बुरशीची घरातली भांडणंही ऐका. ट्रफल धरायला दोन प्रकारच्या बुरशीचा मेळ लागतो, नर-मादीसारखा समजा. रोपवाटिकेतून आलेल्या रोपावर दोन्ही प्रकार असतात. पण काही वर्षांत एकाच झाडाच्या मुळांवर एकच प्रकार उरलेला दिसतो. दुसऱ्याला हुसकून लावलेलं असतं! जिच्याशिवाय संतती होणार नाही तिलाच शेजारी राहू द्यायचं नाही. म्हणून आता शेतकरी झाडाभोवती खड्डे घेऊन त्यात ट्रफलची बीजुकं मिसळलेली माती भरतात. आमच्या खानदानातले वाटणीचे खटले आठवले मला.

आता त्या आई-झाडाकडे वळते. ही कल्पना कुणी हवेतून काढलेली नाही. कॅनडातल्या सुझान सिमार्ड यांचं १९९७ सालचं संशोधन खरंच महत्त्वाचं आहे. बर्च आणि डग्लस फर या दोन जातींच्या रोपांना त्यांनी वेगवेगळी खूण केलेला कार्बन दिला आणि एकाचा कार्बन दुसऱ्यात सापडला. 'नेचर'ने त्याला 'वुड वाइड वेब' असं नाव दिलं आणि ते नाव पळत सुटलं. पुढे पुस्तकं आली, भाषणं आली. २०२१ मध्ये सिमार्डबाईंचं आई-झाडाच्या शोधाचं आत्मचरित्र आलं. तोवर आमच्यासारख्यांच्या फोनवर निरोप फिरू लागले होते.

२०२३ साली जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन हुक्सेमा या तिघांनी आजवरचा पुरावा एकत्र मांडून तपासला. यातल्या मेलनी जोन्स १९९७ च्या त्या मूळ संशोधनात सिमार्ड यांच्या सहलेखिका होत्या! म्हणजे टीका करणारं माणूस परकं नाही, पहिल्या पंगतीतलं आहे. त्यांचं म्हणणं असं : जमिनीखाली बुरशी आहे, मुळांना जोडलेली आहे, यात वाद नाही. पण अशी जाळी सगळ्या जंगलांत पसरलेली आहेत हे म्हणण्याइतका पुरावा नाही. त्यातून अन्न मिळून रोपं जोमाने वाढतात, याचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. आणि मोठी झाडं आपली पिल्लं ओळखून त्यांना जास्त देतात, याला प्रत्यक्ष जंगलातला तपासून प्रसिद्ध झालेला एकही पुरावा नाही. सिमार्डबाईंना हे पटलेलं नाही, त्यांनी उत्तर दिलं आहे. शास्त्रात असंच चालायचं. पण ज्यावर जाणत्यांचा वाद चालू आहे ते आपण सातवीच्या मुलीकडून 'शास्त्राने सिद्ध केले आहे' म्हणून वदवून घेतो, याला माझा आक्षेप आहे.

गोड गोष्ट एकदा सुटली की तिला परत आणता येत नाही. याचं ट्रफलमधलंच आणखी एक उदाहरण. पूर्वी ट्रफल शोधायला डुकरीण नेत. ती का नेत? १९८१ साली जर्मन संशोधकांना ट्रफलमध्ये एक रसायन सापडलं, जे नर डुकराच्या लाळेतही असतं. झालं! बिचारी डुकरीण प्रियकराच्या ओढीने माती उकरते, अशी गोष्ट जगभर पसरली. १९९० साली फ्रेंच संशोधकांनी साधी परीक्षा घेतली. मातीत एकीकडे ते रसायन पुरलं, दुसरीकडे डायमिथिल सल्फाइड, म्हणजे ट्रफलच्या वासातलं गंधकाचं एक रसायन, आणि तिसरीकडे खरा ट्रफल. डुकरीण आणि कुत्री ट्रफलकडे गेली, गंधकाच्या रसायनाकडे गेली. प्रियकराच्या वासाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. या गोष्टीला पस्तीस वर्षं उलटून गेली, तरी विरहिणी डुकरीण अजून पाककृतींच्या पुस्तकांत माती उकरतेच आहे.

आणि हे सगळं सुरू कुठून झालं? तेही ट्रफलपासूनच. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ट्रफलचा पैसा दिसू लागला तेव्हा प्रशियाच्या शेतीखात्याला वाटलं, आपल्याकडेही पिकवावा. त्यांनी आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाला कामाला लावलं. ट्रफल काही त्याला पिकवता आला नाही. पण ओक, बीच अशा झाडांची मुळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहता पाहता त्याच्या लक्षात आलं की निरोगी झाडांच्या मुळांच्या टोकांवर सर्वत्र बुरशीचं आवरण आहे. १८८५ साली त्याने या जोडीला नाव दिलं, 'मायकोरायझा', बुरशी-मूळ. बुरशी म्हणजे रोग असं मानण्याचा तो काळ, त्यामुळे पुष्कळांनी त्याला वेड्यात काढलं. फ्रँकनेही बुरशीला झाडाची दाई म्हटलं होतं. पण उपमा देऊन तो थांबला नाही. पुढे त्याने पाइनची रोपं साध्या मातीत आणि तापवून निर्जंतुक केलेल्या मातीत लावून पाहिली. उपमा द्यायची तर मग ती तपासायचीही, हा त्याचा धडा आपण घेतला नाही. दाई तेवढी उचलली.

काही जण म्हणतील, हे परदेशातलं झालं, आपल्याला काय त्याचं. मग आपल्याकडचा टारफुला घ्या. माझं माहेर सोलापूरकडचं, जोंधळ्याचा मुलूख. टारफुला हे जोंधळ्याच्या मुळांवर जगणारं तण. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं गप्प पडून राहतं, आणि जवळ मूळ आलं की नेमकं तेव्हाच उगवतं. त्याला कळतं कसं? मुळातून पाझरणाऱ्या रसायनावरून. त्यातलं पहिलं रसायन १९६६ साली अमेरिकेत कपाशीच्या मुळांपासून वेगळं काढलं गेलं. टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरून त्याचं नावही पडलं, स्ट्रिगॉल. पण झाड स्वतःच्या वैऱ्याला कशासाठी हाक मारेल? हे कोडं सुटायला २००५ साल उजाडलं. जपानी संशोधकांनी दाखवलं की याच कुळातली रसायनं मुळांशी सख्य करणाऱ्या बुरशीला बोलावतात. (ही बुरशी ट्रफलपेक्षा वेगळ्या गटातली, पिकांच्या मुळांत राहणारी.) जोंधळा हाक मारतो मित्राला, आणि ती ऐकून चोरही येतो. माझ्या आजोबांनी जन्मभर हा टारफुला उपटला. त्यांना 'मातीत स्पर्धा नसते' असं सांगायला कुणी गेलं असतं तर हातातलं खुरपं दाखवलं असतं त्यांनी.

आता आक्षेपांकडे येते.

पहिला, "बाजार, देवघेव, भांडण या तरी उपमाच ना? तुम्ही आईच्या जागी दुकानदार बसवलात." अगदी बरोबर. झाडाला नफाही कळत नाही. म्हणून माझ्याही उपमा उद्या तपासून चुकीच्या ठरल्या तर खोडाव्यात. माझी तक्रार उपमेबद्दल नाहीच. आई म्हटल्यावर प्रश्न संपतात, ही माझी तक्रार आहे. आईने का दिलं, किती दिलं, कुणाला दिलं नाही, असं आपण आईला विचारत नाही. देवघेव म्हटलं की निदान हिशेब विचारता येतो.

दुसरा आक्षेप सूनबाईंचा. "मुलांना झाडांवर प्रेम तर वाटतं ना?" वाटतं. पण ज्याच्यावर प्रेम त्याला काय लागतं हे ठाऊक नसलेलं प्रेम काय करतं, तेही ट्रफलच सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रोव्हान्समधल्या जोसेफ तालों नावाच्या शेतकऱ्याने ट्रफल देणाऱ्या ओकची फळं पेरली आणि काही वर्षांनी नव्या झाडांखालीही ट्रफल आले. पुढे फिलॉक्सेरा या किडीने द्राक्षमळे मेले, तेव्हा रिकाम्या माळांवर लोकांनी ओक लावले. शतक संपता संपता फ्रान्समध्ये ट्रफलचं पीक शेकडो टनांवर गेलं होतं. मग १९१४ चं महायुद्ध आलं. गावंच्या गावं तरुणांवाचून ओस पडली. मेंढ्या गेल्या, सरपण तोडणारे हात गेले. कुणी हात लावेना म्हणून झाडी दाट झाली, हिरवीगार झाली. आणि ट्रफल गेला! त्याला उन्हाने तापणारी, मोकळी, चुनखडीची जमीन लागते. दाट सावलीत तो टिकत नाही. आज फ्रान्सचं पीक दरवर्षी काही दहा टन एवढंच आहे, आणि तेही बहुतेक लागवडीतून, म्हणजे झाडं छाटून, माती हलवून, पाणी देऊन मिळवलेलं. नुसत्या हिरव्या रंगाकडे पाहणाऱ्याला त्या दाट झालेल्या रानात आनंदच वाटला असता. खाली काय मेलं ते त्याला दिसलं नसतं.

आपल्याकडे २०१९ साली एका पावसाळ्यात राज्यात तेहतीस कोटी झाडं लावायचा संकल्प झाला होता. हेतूवर मी शंका घेत नाही, मीही दोन खड्डे खणले. पण कुठल्या मातीत कुठलं झाड, त्याच्या मुळांना तिथे सोबत कुणाची मिळणार, आणि ते आजूबाजूला काय जगू देणार नाही, हे प्रश्न मला कुणी विचारताना दिसलं नाही. झाड म्हटलं की ते चांगलंच, अशी आपली समजूत. ही समजूत कुणी करून दिली? आम्ही. शाळेने.

आणि इथे मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे. सूनबाई, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे.

मी नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. तालुक्याचं गाव. शाळेच्या कुंपणाला लागून निलगिरीची रांग होती. तेव्हा सगळीकडे निलगिरी लावत. सहावीच्या वर्गावर होते, धडा झाडांच्या परोपकारावर. सावली देतात, फळं देतात, स्वतः उन्हात उभी राहतात, वगैरे. मी रंगात आले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. घरी शेळ्या होत्या त्याच्या, शाळा सुटली की चारायला न्यायचा. म्हणाला, "बाई, मग निलगिरीखाली गवत का उगवत नाही? आमची शेरडं तिकडं जातच न्हाईत."

वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हतं. 'येत नाही, शोधू या' असं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, "धड्यात जे आहे ते विचार. खाली बस." तो बसला. त्यानंतर त्याने माझ्या वर्गात कधी प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

त्याचा प्रश्न अगदी शास्त्रीय होता. एका झाडाने सोडलेल्या रसायनांचा दुसऱ्यावर होणारा परिणाम, याला १९३७ साली हान्स मोलिश यांनी 'अ‍ॅलेलोपथी' हे नाव दिलं. अक्रोडाच्या सावलीत पिकं वाढत नाहीत हे दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या प्लिनीने लिहून ठेवलं आहे. निलगिरीच्या पानांच्या अर्काने बिया नीट उगवत नाहीत, हे प्रयोगशाळेत पुष्कळदा दिसलं आहे. रानात त्यातला किती वाटा रसायनांचा आणि किती तिच्या पाणी ओढण्याचा, हे वेगळं काढणं अवघड असतं. म्हणजे प्रश्न प्लिनीच्या तोडीचा, विचारणारा शेळ्या राखणारा मुलगा, आणि त्याला गप्प बसवणारी मी. कारण त्याने डोळ्यांनी पाहिलेलं माझ्या संस्कारात बसत नव्हतं.

लालबेंकच्या त्या उघड्या वर्तुळात मी उभी होते तेव्हा मला ट्रफल दिसत नव्हता. तो मुलगा दिसत होता. म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझ्या प्रश्नाला हसून का होईना, उत्तर दिलं. मला खाली बस म्हणाला नाही.

म्हणून, एवढं खरं कशाला लागतं? तर डोळ्यांनी पाहणाऱ्या मुलाला खोटं पाडावं लागू नये म्हणून. संस्कार टिकवण्यासाठी दिसतं ते नाकारायला शिकवलं की मूल दोनातलं एक करतं. एक तर बघायचं सोडतं, नाही तर संस्कार ही बोलायची गोष्ट आहे असं समजून चालतं. दोन्ही प्रकारची मुलं मी वर्गात पाहिली आहेत. काही आता आमच्या घरच्या ग्रुपवर आहेत. (हलकेच घ्या.)

आणि परोपकार शिकवायचा तर माणसांचा शिकवा ना. झाडाला दयाळू व्हायचा पर्यायच नाही. आपल्याला आहे, आणि तो नाकारायचाही आहे. म्हणून तर माणसाच्या दयेला किंमत. ती झाडाकडून उसनी आणायची काय गरज?

असो. स्पर्धा झाली. मुलीने मूळचंच भाषण केलं, दुसरा नंबर आला. मी अभिनंदनाचा निरोप पाठवला, तिच्या आईने नुसता अंगठा पाठवला.

पण परवा रात्री मुलीचाच फोन आला, आईला न सांगता. "आजी, ते जळल्यासारखं वर्तुळ आपल्याकडे बघायला मिळेल का?" मी म्हटलं, ट्रफलचं नाही मिळणार, त्याची जमीन वेगळी, झाडं वेगळी. पण तुझ्या शाळेच्या वाटेवर निलगिरी आहे ना? तिच्या खोडाला दोरी बांध. चारही दिशांना गवत कुठे सुरू होतं तिथपर्यंत मोज. मग तितक्याच जाडीच्या एखाद्या कडुनिंबाखाली तसंच मोज. वही कर. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. आणि काय निघेल ते मला आधीच ठाऊक आहे असं समजू नकोस.

ती म्हणाली, "आणि गवत अगदी खोडापर्यंत असलं तर?"

"तर तसं लिही," मी म्हटलं.

पहिली मापं तिने घेतली आहेत म्हणे. दुसरी दिवाळीत. आकडे आले की इथे टाकीन. तोवर ज्यांना माझ्याशी भांडायचं असेल त्यांनी खाली प्रतिक्रियेत भांडावं, ग्रुपवर नको. आणि 'आशीर्वाद'मधला 'शी' दीर्घ आहे, हे सर्वांनी लक्षात ठेवावं.